समोरच्या गाळ्याची भवानी

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, एक दुमजली इमारत आहे. खाली गाळे, वर डॉक्टर आणि वकील. त्यातला कोपऱ्यातला गाळा कुणाकडेच फार टिकला नाही. तिथं आधी रंगीत मासे विकायला होते. मग कुत्र्यामांजरांचं खाणं आलं. मग गिटारी, मग महागड्या सायकली, मग नुसते मोमो. शटर वर जायचं, माळा लागायच्या, नारळ फुटायचा. वर्ष-दोन वर्षांत एक टेम्पो उलटा येऊन लागायचा आणि माणसं सामान भरायला लागायची.

आम्ही सावेडीत घर बांधलं तेव्हा समोर ज्वारी होती. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. जागा गावाबाहेर म्हणून परवडली. नंतर आमच्या आजूबाजूला डॉक्टर, प्राध्यापक, बिल्डर आले. त्यांचे बंगले झाले, त्यांच्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांच्या मागून ही दुकानं आली. आम्ही जिथं होतो तिथंच राहिलो आणि भोवतीचं सगळं श्रीमंत झालं.

माझी बायको चांगुणा यंदा शिमग्याच्या आधी गेली. सकाळी दूध तापत ठेवलं आणि ओट्याला धरून खाली बसली. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा मला कळलं.

चांगुणा अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. तिची आई झुंबरबाई आठवडे बाजारात वालाच्या शेंगा आणि तांदूळ घेऊन बसायची. चांगुणा लहानपणी तिच्या पाटीशेजारी बसलेली. भवानी होईपर्यंत, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत, आई पाणीसुद्धा प्यायची नाही. दुपार व्हायची कधी कधी. मग कुणीतरी यायचं, मूठभर शेंगा घ्यायचं, आई ते पैसे कपाळाला लावायची आणि लगेच तांब्या तोंडाला लावायची. चांगुणाच्या मनात ते राहिलं होतं. या रस्त्यावर नवं दुकान उघडलं की पहिल्या दिवशी सकाळी ती हातात कापडी पिशवी घेऊन जायची आणि भवानी करायची. काय विकायला आहे ते बघायची नाही.

कुत्र्याच्या दुकानातून ती घुंगराचा पट्टा घेऊन आली.

मी म्हणालो, "कुत्रा कुठंय?"

"येईल एखादा."

"आणि नाही आला तर?"

"मंग तुमच्या गळ्यात बांधीन. रातच्याला कुठं जाता ते तरी कळंल."

माझा वर्कशॉपमधला जोडीदार नूरमहंमद रिटायर झाल्यावर शटर आणि बोर्डाची कामं घ्यायला लागला. या रस्त्यावरची बहुतेक शटरं त्याच्या हातची. तो म्हणायचा, "मिस्त्री, बोर्ड लावायचा मी, काढायचा बी मीच. सुईन बी मीच आन् कबर खोदनारा बी मीच. आमच्या भाभीचं मातर बरं हाय, ती फक्त बारशाला जाती."

पण ते खरं नव्हतं. दुकान बंद होताना पण ती जायची. टेम्पो लागलेला दिसला की भाकरी आणि पिठलं करायची, डबा घेऊन रस्ता ओलांडायची आणि त्या माणसांबरोबर खोक्यांवर बसून त्यांना जेवायला लावायची. मी एकदा म्हणालो, त्यांना लाज वाटत असेल, कशाला जातेस. ती म्हणाली, "नारळ फोडायला समदी येत्यात. सामान भरताना कुनी फिरकत न्हाई. भूक तर तवाबी लागतीच की."

निकिताची ओळख अशीच. ती जामखेडची. नवरा आदिनाथ एमआयडीसीत कामाला. तिनं त्या कोपऱ्यातल्या गाळ्यात केकचं दुकान काढलं होतं. चांगुणानं भवानीला वाढदिवसाच्या केकवर लावतात ती आकड्याची मेणबत्ती आणली होती, पाचाची. आमच्याकडे पाच वर्षांचं कुणी नव्हतं. निकिताचे केक चांगले होते, दुकान चाललंही होतं. मग लॉकडाऊन आला. कितीतरी दिवस शटर खालीच. शेवटी टेम्पो लागला. चांगुणा तोंडाला पदर बांधून डबा घेऊन गेली. परत आली तेव्हा मला एवढंच म्हणाली, "पोरगी रडत न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतर निकिता घरून केक करून द्यायची. येता-जाता दिसायची. चांगुणा गेली त्या दिवशी ती आली आणि आमच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा करत राहिली. मला ते आठवतं कारण माझ्या हातात कुणीतरी कप दिला आणि मी वर बघितलं तर ती होती.

दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी ती परत आली. या वेळी पेढे घेऊन.

"काका, मी परत उघडतेय. दसऱ्याला. कॉफी आणि थोडं खायला."

"कुठं?"

तिनं दाराबाहेर बोट दाखवलं. तोच गाळा.

मी म्हणालो, "त्या गाळ्याला दोष आहे म्हणतात लोक."

"गाळ्याला काय दोष, काका. त्या वेळी सगळ्या जगालाच दोष होता." मग ती खाली बघून म्हणाली, "भवानीला तुम्ही यायचं. काकूंनी शब्द दिलाय मला. सामान भरत होतो तेव्हा म्हणाल्या होत्या, परत उघडशील तेव्हा परत येईन."

हे चांगुणानं मला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "शब्द तिचा होता, निकिता. ती आता नाही. आणि आमच्याकडे वर्ष व्हायचंय अजून. दुःखाच्या घरचा माणूस शुभकामात पहिला नसतो गं. तुझं कर्ज आहे, नवऱ्याचा जीव त्यात आहे. लग्न झालेली, भरल्या घरातली कुणीतरी बाई बोलाव. डॉक्टरीणबाईंना सांग."

ती पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून गेली. मला वाटलं, तिला पटलं.

दसऱ्याच्या दिवशी मी पुढचं दार लावून घेतलं. यंदा आमच्या दाराला तोरण नव्हतं. समोर सकाळपासून गडबड होती. झेंडूचा वास बंद खिडकीतूनही येत होता. मंत्र ऐकू आले, नारळ फुटल्याचा आवाज आला, टाळ्या वाजल्या. मी मनात म्हणालो, चांगलं चालू दे पोरीचं. आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. आपली सावली तिथं पडली नाही हेच माझ्याकडून तिला देणं, असं मला वाटत होतं.

दुपारी झोप लागेना. चांगुणाचं लोखंडी कपाट तिच्यामागे मी उघडलं नव्हतं. वरच्या कप्प्यातल्या साड्या तेवढ्या तिच्या बहिणींनी नेल्या होत्या. खालचा कप्पा कुणी बघितला नव्हता. मी उघडला.

त्यात त्या वस्तू होत्या. घुंगराचा पट्टा. मासे पकडायची छोटी जाळी. गिटार वाजवायची प्लॅस्टिकची टिकली. सायकलीची घंटी. मोमोवाल्याकडच्या लाकडी काड्या, कागदात होत्या तशाच. वासाची मेणबत्ती, जी तिनं कधी पेटवली नाही. व्यायामाची जांभळी चटई, गुंडाळलेली. कुठल्या तरी परदेशी बियांची बाटली. बांबूचा दात घासायचा ब्रश. काही वस्तू तर मला ओळखूसुद्धा येईनात, कशाच्या आहेत, कुणाच्या दुकानातल्या. आणि एका कोपऱ्यात पाचाची मेणबत्ती.

मी खाली फरशीवर बसलो. एकेक वस्तू काढून समोर ठेवत गेलो. मी मशिनीवरचा माणूस आहे. मोडलेलं दुरुस्त होतं किंवा भंगारात जातं, एवढंच मला माहीत. हा रस्ता मी इतकी वर्षं बघितला, आणि मला वाटायचं इथं दुकानं बंद पडतात. त्या वस्तू समोर मांडल्या तेव्हा मला पहिल्यांदा उलटं दिसलं. इतक्या माणसांनी इथं येऊन शटर वर केलं होतं. शेजारच्याचं बुडालेलं डोळ्यांनी बघून केलं होतं. कुणी आईचे दागिने मोडून, कुणी नोकरी सोडून. त्यातल्या प्रत्येकाला पहिल्या सकाळी वाटलं होतं की लोक आपल्याकडे येतील. एवढी हिंमत माणसात कुठून येते? वर्कशॉपमध्ये पक्की नोकरी करणाऱ्या मला ती कधी लागली नाही, म्हणून ती असते हेही मला माहीत नव्हतं. आणि ही बाई, चौथी शिकलेली, प्रत्येक वेळी त्या हिमतीला पहिला नमस्कार करून आली होती. माझ्या घरात, माझ्या पलंगापासून हातभर अंतरावर हे सगळं होतं.



दिवेलागणीला मागचं दार वाजलं. नूरमहंमद होता. हातात आपट्याची पानं. वर्कशॉपमध्ये दसऱ्याला पाना-हातोडी अशा हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हापासून तो मला न चुकता पानं देतो.

मी म्हणालो, "यंदा नको रे. वर्ष व्हायचंय."

"ठेव तिकडं. कुनी इचारलं तर म्हन नूऱ्यानं टाकली." तो आत आला आणि फरशीवरच्या वस्तूंकडे बघून थांबला. जाळी उचलली, परत ठेवली. मग म्हणाला, "मिस्त्री, तू इथं काय बसलाय? तिकडं पोरगी गल्ला उघडंना सकाळपासून."

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी. पूजा झाली. पेढा दिला सगळ्यास्नी. गिऱ्हाईक आलं की म्हनती, थांबा, मशीन तापतीय. दिवसभर मशीन तापतीय. तेवढ्यात तर आपन लालपरीचं इंजन उतरवून चढवायचो. डॉक्टरीनबाई दोनदा येऊन माघारी गेल्या. आदिनाथ तोंड फुगवून बसलाय. मी आपला शटरला तेल द्यायला गेल्तो, तर हे."

"भवानी नाही झाली?"

"कशी हुनार? तू इथं कपाट घेऊन बसलाय."

मी म्हणालो, "मी तिला सांगितलं होतं, मी येणार नाही."

"तू सांगितलं असशील. तिनं ऐकलं व्हय?"

मी तिचं भलं व्हावं म्हणून दार लावून बसलो होतो, आणि त्या लावलेल्या दाराकडे बघत ती दसऱ्याचा अख्खा दिवस वाया घालवत होती. दसऱ्याला या रस्त्यावर जेवढी माणसं बाहेर पडतात तेवढी वर्षात पुन्हा पडत नाहीत. सूर्य मावळला होता. आजचा दिवस कोरा गेला तर लोक काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. गाळ्याला दोष आहे, म्हणतील. आणि एकदा तसं म्हटलं की मग कुणी येत नाही.

"मी गेलो आणि काही वाईट झालं तर?" मी विचारलं.

नूरमहंमद म्हणाला, "आता ह्याच्याहून काय वाईट हुनार, मिस्त्री? चपला घाल."

दाराच्या मागं खुंटीला तिची कापडी पिशवी होती. मी ती घेतली. आत काही नव्हतं, एक वाळलेलं कढीपत्त्याचं पान तेवढं होतं. ते मी तसंच राहू दिलं.

रस्ता ओलांडताना नूरमहंमदनं हात वर करून गाड्या थांबवल्या, डेपोत बस मागे घेताना करायचा तसा. पलीकडे फुटपाथवर बरीच माणसं उभी होती. मला वाटलं, दसऱ्याची गर्दी. जवळ गेल्यावर त्यातले चेहरे ओळखीचे निघाले. माशांच्या दुकानवाला मच्छिंद्र होता. त्याच्या नावावरून चांगुणा त्याला फार चिडवायची. आता त्याची मनमाड रोडला रोपांची नर्सरी आहे. जांभळ्या चटयांवाली पंकजा होती, कडेवर मूल घेऊन. सायकलवाले दोघं भाऊ होते. मोमोवाला पोरगा होता, त्याच्या अंगावर आता कुरियरचा टीशर्ट होता. निकितानं त्यांना बोलावलं होतं. दुपारपासून ते आत-बाहेर करत होते, आणि भवानी कुणाची व्हायची आहे हे कळल्यावर त्यांच्यातल्या कुणीच खिशात हात घातला नव्हता.

मच्छिंद्र पुढं आला. "काका, जाळी आहे का हो अजून?"

"आहे," मी म्हणालो. "आत्ताच बघितली."

"काकूंनी विचारलं होतं मला, हिच्यानं चहा गाळता येईल का." तो हसला आणि मग त्याला हसू पुरं करता आलं नाही. "सबंध पहिल्या दिवशी तेवढीच विक्री झाली होती माझी. तेवढ्यावर मी दोन वर्षं ओढली."

मी आत गेलो. गाळा मी बाहेरून हजार वेळा बघितला होता, आत कधी गेलो नव्हतो. ते चांगुणाचं काम होतं. भिंती पांढऱ्या होत्या, छोटी टेबलं, कोपऱ्यात देवाचा फोटो आणि त्याला झेंडूची माळ. आदिनाथ खुर्चीतून उठला आणि बाजूला झाला. निकिता काउंटरच्या मागं उभी होती. सकाळची जरीची साडी दिवसभरात चुरगळली होती. ओठ सुकले होते. समोर पाण्याचा भरलेला ग्लास होता.

मी म्हणालो, "पाणी पण प्यायली नाहीस?"

"काकूंनी सांगितलं होतं, त्यांची आई पीत नसे."

"अगं, मी सांगितलं होतं ना तुला. दुःखाचं घर आहे आमचं."

ती म्हणाली, "आमचं पण आहे की, काका."

माझ्या मागं दारात ती सगळी माणसं उभी होती. मी मागं वळून बघितलं तर पंकजा पदरानं डोळे पुसत होती. मी इतके दिवस समजत होतो की चांगुणा माझी गेली. त्या दारात उभ्या असलेल्यांकडे बघून मला कळेना की ती किती जणांची गेली. छातीत काहीतरी मोठं झाल्यासारखं वाटलं. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा अख्खं इंजिन साखळीवर उचललेलं बघितलं होतं, तेव्हा असं वाटलं होतं. एवढं वजन, आणि ते हवेत.

भिंतीवर कॉफीची नावं लिहिली होती. मला त्यातलं काही कळेना.

"साधी दे," मी म्हणालो. "तुला वाटेल ती."

मशीन दिवसभर तापलेलंच होतं. निकितानं कॉफी केली. थोडी सांडली. तिनं कप समोर ठेवला. मी पिशवी काउंटरवर ठेवली, जशी चांगुणा ठेवत असेल तशी, आणि पैसे तिच्या हातात दिले. तिनं ते कपाळाला लावले. डोळे मिटून बराच वेळ तसेच धरले. मग फोटोपुढं ठेवले, आणि ग्लास उचलून घटाघटा पाणी प्याली.

दारातून नूरमहंमद ओरडला, "चला रे, झालं! मला दूध जास्त, साखर जास्त, आन् त्यो वरचा फेस नको, फेसाचे पैसे न्हाई देनार." आणि मग सगळे एकदम आत आले. खुर्च्या सरकल्या. मच्छिंद्रनं सगळ्यांसाठी सांगितलं, मोमोवाला म्हणाला माझे मी देतो, सायकलवाले भाऊ आपसात भांडायला लागले. रस्त्यावरून जाणारी माणसं गर्दी बघून थांबली आणि तीही आत यायला लागली. डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा आल्या. आदिनाथ बाह्या वर करून कप मांडायला लागला.

मी कप घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसलो. कॉफी कडू होती. मला ती आवडली असं म्हणणार नाही, पण मी ती शेवटपर्यंत प्यालो.

तिथून समोर बघितलं तर माझं घर दिसत होतं. इतक्या वर्षांत मी ते या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. गॅलरी अगदी समोर होती. त्या गॅलरीत चांगुणा संध्याकाळी तांदूळ निवडत बसायची. मला वाटायचं, ती दुकानं बघते. या खुर्चीतून, या काउंटरमागून, गिऱ्हाईक नसलेल्या संध्याकाळी इथल्या प्रत्येकाला समोर काय दिसत असेल ते मला आत्ता दिसलं. एक बाई दिव्याखाली बसलेली आहे आणि आपल्याकडे बघते आहे.

आता तिथं अंधार होता. रस्त्यावरची सगळी घरं दसऱ्यासाठी उजळलेली आणि मध्ये आमचं तेवढं काळं. शिमग्यापासून मी गॅलरीतला दिवा लावला नव्हता.

निकिता दुसरी कॉफी द्यायला आली. मी म्हणालो नको, आता निघतो. माझा कागदी कप मात्र धुऊन द्यायला सांगितला. तिनं तो पुसून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "काका, घाई आहे का काही?"

"जरा घरी काम आहे," मी म्हणालो.

रस्ता मी एकटाच ओलांडला. घरात आलो, फरशीवरच्या वस्तू होत्या तशा कपाटात ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी तो कप ठेवला. मग गॅलरीत जाऊन दिव्याचं बटण दाबलं आणि तिच्या जागेवर खुर्ची टाकून बसलो.

पलीकडे काउंटरमागं निकितानं मान वर केली. तिच्या दोन्ही हातांत कप होते, त्यामुळे तिला हात हलवता आला नाही. ती नुसती बघत राहिली, आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.